प्रसिद्ध रॉक बँडची प्रसिद्धी सांभाळताना: किती जवळ जायचं, किती खरं बोलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका नावाजलेल्या रॉक बँडच्या प्रसिद्धीचं काम चालून आलंय, आजवरचा अनुभव कंपन्यांच्या पीआरचा, म्हणजे जनसंपर्काचा आहे. हे काम रोजच्या रोज कसं असतं, बँडच्या किती जवळ जावं, आणि त्यांच्यासाठी खोटं बोलावं लागतं का?

मी बरीच वर्षं हेच काम करते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. खोटं बोलावं लागत नाही. मात्र ती वेळ येऊ नये म्हणून आधी पुष्कळ मेहनत घ्यावी लागते, आणि ती मेहनत पत्रकारांपाशी कमी, बँडपाशी जास्त घ्यायची असते. पब्लिसिस्ट म्हणजे बँडचं म्हणणं बाहेर पोचवणारी व्यक्ती, असं सगळे समजतात. ते खरं आहे, पण अर्धंच. लोक काय बोलतायत, उद्या कुठला प्रश्न येणार आहे, कुठलं वाक्य अंगावर शेकणार आहे, हे आत जाऊन बँडमधल्या चौघांच्या तोंडावर सांगणारं दुसरं कुणी नसतं. मॅनेजरला टूर पार पाडायची असते, लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला, अल्बम खपवायचा असतो, प्रमोटरला तिकिटं विकायची असतात. भोवतीची बाकीची मंडळी गायकाला आवडेल तेच बोलतात. त्या खोलीत न आवडणारं बोलण्यासाठीच तुम्हाला घेतलेलं असतं, मग करारात ते कुणी लिहो वा न लिहो.

१९६६ सालची बीटल्सची गोष्ट या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकानं नीट समजून घ्यावी. ४ मार्चला लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये पत्रकार मॉरीन क्लीव्ह यांनी बीटल्समधल्या जॉन लेननवर लेख लिहिला. ख्रिस्ती धर्म ओसरत चाललाय आणि आम्ही आज येशूपेक्षा लोकप्रिय आहोत, अशा अर्थाचं त्याचं बोलणं त्यात होतं. ब्रिटनमध्ये ते वाचून फारसं कुणी दचकलं नाही. बँडचे प्रेस ऑफिसर टोनी बॅरो यांनी क्लीव्ह यांचे ते लेख 'डेटबुक' या अमेरिकन तरुणांच्या मासिकाला देऊ केले. प्रेस ऑफिसरचं नेहमीचंच काम होतं ते: चांगला मजकूर, आणखी एक मासिक, टूरच्या तोंडावर थोडी हवा. जुलैच्या अखेरीस अंक बाजारात आला, धर्माबद्दलचं लेननचं बोलणं थेट मुखपृष्ठावर घेऊन. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी बंद केली, रेकॉर्ड्‌सच्या होळ्या झाल्या. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यांना बँडच्या आधीच न्यूयॉर्कला धाव घेऊन पत्रकार परिषद घ्यावी लागली. ११ ऑगस्टला शिकागोत लेनन स्वतः पत्रकारांपुढे बसला आणि आपल्याला काय म्हणायचं होतं ते त्यानं समजावून सांगितलं.

बोलणं तेच होतं, वाचणारे बदलले. लंडनच्या लेखात ते एका माणसाच्या घराच्या, पुस्तकांच्या, कंटाळ्याच्या वर्णनामध्ये बसलेलं होतं. तिथून सुटं होऊन दुसऱ्या देशात गेल्यावर त्याला आजूबाजूचा आधारच उरला नाही. म्हणून बँडची कुठलीही मुलाखत छापून आली की मी एकदा मजकूर म्हणून वाचते आणि दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्य सुटं करून वाचते: हे एकटंच, नावासकट, बँड माहीत नसलेल्या माणसाच्या हाती पडलं तर काय होईल? आज हे वाचन १९६६ पेक्षा कितीतरी जास्त गरजेचं आहे, कारण वाक्य सुटं करायला आता मासिकाच्या संपादकाचीही जरूर लागत नाही.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पडद्यामागचा आहे. शिकागोच्या पत्रकार परिषदेआधी एपस्टाइन आणि बॅरो लेननला घेऊन बसले आणि काय पणाला लागलंय ते त्यांनी त्याला सांगितलं: टूर रद्द होऊ शकते, बाकीच्या तिघांच्या जिवालाही धोका आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायकाला हे तोंडावर सांगणं सोपं नव्हतं. ते सांगितलं गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी टूर सुरू तरी होऊ शकली.

आता रोजच्या कामाकडे येते. अल्बम यायच्या आधी काही दिवस फक्त मुलाखतींसाठी राखलेले असतात. हॉटेलात दोन खोल्या घ्यायच्या, एकीत गायक आणि गिटारिस्ट, दुसरीत बेसिस्ट आणि ड्रमर. प्रत्येक पत्रकाराला वीस मिनिटं, मध्ये पाच-दहा मिनिटांची फट. कागदावर हे छान दिसतं. दुपारी तीनच्या सुमाराला दाराबाहेर उभं राहून ऐकावं, म्हणजे अडचण कळते. अल्बमचं नाव कसं सुचलं हे गायक त्या दिवसात कितव्यांदा तरी सांगत असतो. शब्द तेच, हशाची जागा तीच, आवाज मात्र सपाट झालेला. समोरचा पत्रकार मान डोलावत लिहून घेतो आणि मनात ठरवून टाकतो की हा माणूस कंटाळवाणा आहे. लेखात तेच उतरतं.

त्यामुळे वेळापत्रक हा कारकुनी मामला समजू नका. मोठा लेख लिहिणाऱ्याला मी सकाळची दुसरी वेळ देते. पहिली कधीच देत नाही, कारण पहिल्या मुलाखतीत माणूस अजून स्वतःचे शब्द शोधत असतो. रेडिओवाले जेवणानंतर, कारण त्यांना तीन-चार खणखणीत वाक्यं पुरतात. ज्याचं लिखाण आठ-दहा पानं चालणार आहे त्याला तर हॉटेलातली वीस मिनिटं देऊच नयेत. त्याला साउंडचेकला बोलवावं, कार्यक्रमाच्या ठिकाणी जाताना गाडीत बसवावं, संध्याकाळी विंगेत उभं करावं. चांगला लेखक प्रश्नांच्या उत्तरांतून जेवढं लिहितो त्याहून जास्त बघण्यातून लिहितो. ड्रमर कार्यक्रमाआधी हाताला पट्टी कशी बांधतो आणि त्या वेळी त्याच्याशी कुणी का बोलत नाही, हे त्याला दिसू द्या. मुलाखतीत असलं काही कधीच सांगितलं जात नाही.

समोरासमोरच्या मुलाखतीत मी खोलीत बसत नाही. कंपन्यांच्या पीआरमधून येणाऱ्यांना हे पटत नाही, कारण तिथे अधिकाऱ्याशेजारी प्रसिद्धीचा माणूस वही घेऊन बसलेलाच असतो. रॉकच्या पत्रकाराला तो पहारा वाटतो. शिवाय गायकही प्रत्येक उत्तरानंतर तुमच्याकडे बघायला लागतो, आणि ती नजर लेखात आली की पब्लिसिस्टच सगळं ठरवते असा अर्थ निघतो. मी दाराबाहेर थांबते आणि वेळ संपली की दोन मिनिटं उशिरा दार वाजवते. शेवटच्या त्या दोन मिनिटांत बरेचदा सर्वांत चांगलं बोलणं होतं.

अमुक विषय काढू नका, अशी यादी पत्रकाराला कधीही पाठवू नका. ती यादीच बातमी होते. त्याऐवजी आदल्या दिवशी मी चौघांना एकत्र बसवते आणि सर्वांत नकोसे प्रश्न स्वतः विचारते. मागच्या टूरमधल्या शेवटच्या तारखा का रद्द झाल्या? गायक म्हणतो, "घसा बसला होता." त्याच वेळी ड्रमर खाली बघतो. एवढंच पुरतं मला. मी तिथे थांबते आणि म्हणते, "खरं काय झालं ते मला सांगा. बाहेर किती सांगायचं ते आपण नंतर ठरवू." मग कधी भांडण निघतं, कधी व्यसन, कधी कुणाच्या घरातलं आजारपण. त्यातलं काहीच बाहेर सांगायची सक्ती नाही. पण घसा बसल्याचं कारण त्या दिवसापासून बंद. "आम्हाला थांबायची गरज होती, आणि थांबलो याचा पस्तावा नाही" हे वाक्य खरंही आहे आणि कुणाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसू देणारंही नाही. असं वाक्य सापडायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते. त्या संध्याकाळीच मी माझं खरं काम केलेलं असतं.

पत्रकाराशी बोलताना तीन उत्तरं एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळी ठेवा: 'हे खरं नाही', 'मला माहीत नाही' आणि 'याबद्दल आम्ही बोलणार नाही'. पहिलं फक्त खात्री असेल तेव्हाच वापरायचं. दुसरं वापरलंत तर शोधून परत फोन करायचा, नाहीतर तिसऱ्या खेपेला त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिसऱ्यात एक मेख आहे. अफवा खोटी असली की तुम्ही ठणकावून नाकारता आणि खरी असली की 'बोलणार नाही' म्हणता, असं दोनदा झालं की अनुभवी पत्रकाराला तुमचं 'बोलणार नाही' म्हणजे होकार आहे हे कळून चुकतं. म्हणून खासगी गोष्टींबद्दल, म्हणजे आजार, नाती, मुलं यांबद्दल, माझं उत्तर नेहमी एकच असतं, अफवा धादांत खोटी असली तरी: "त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल आम्ही बोलत नाही." बँडला हे आवडत नाही. एवढी मूर्खपणाची अफवा नाकारायला काय हरकत आहे, असं ते विचारतात. आज हिला नाकारलं तर उद्या खरीला झाकायला काही उरत नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या शेवटच्या दिवसांचा विचार या बाबतीत मी नेहमी करते. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्याच्या घराबाहेर तळ ठोकून होते, तब्येतीबद्दल तर्कवितर्क चालले होते. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याच्या नावानं छोटं निवेदन निघालं: आपल्याला एड्स आहे, आणि आजूबाजूच्या माणसांच्या खासगीपणासाठी ही गोष्ट आजवर स्वतःपाशी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेच्या संध्याकाळी, तो गेला. त्यानं आधीच सांगायला हवं होतं, असं तेव्हाही काही जण म्हणाले, आजही म्हणतात. मला ते पटत नाही. केव्हा सांगायचं आणि सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क आजारी माणसाचा असतो. त्याचा निर्णय होईपर्यंत बाहेरचं दार घट्ट धरून ठेवायचं आणि निर्णय झाला की त्याच्याच शब्दांत, लांबण न लावता तो पोचवायचा, एवढंच पब्लिसिस्टच्या हाती असतं. त्या निवेदनात एकही विशेषण जास्तीचं नाही. निवेदन लिहायला शिकायचं असेल तर ते वाचा.

निवेदनावरून आठवलं. बँडमधून कुणी बाहेर पडतं तेव्हा पहिला मसुदा बहुतेक वकिलाकडून येतो, आणि त्यात 'संगीतविषयक मतभेदांमुळे परस्पर संमतीने' हे शब्द असतातच. मी आधी तेच खोडते. वाचणाऱ्या कुणाचाही त्यावर विश्वास नसतो, आणि एका न पटणाऱ्या ओळीमुळे खालच्या खऱ्या चार ओळीही वाया जातात. 'आम्ही त्याला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा देतो' यावर मी चौघांना विचारते, "देता का खरंच?" कुणीतरी "नाही" म्हणतो. खोडा. मग उरतं ते असं: अमुक गिटारिस्ट बँड सोडतो आहे. इतकी वर्षं तो आमच्यासोबत होता, ही गाणी त्याच्याशिवाय झाली नसती. ठरलेले कार्यक्रम होतील. त्याच्या जागी कोण वाजवणार ते अमुक तारखेला कळवू. चाहत्याला दुःख होतंच, पण त्याच्या मनात पहिला प्रश्न आपल्या तिकिटाचा असतो, आणि त्याचं उत्तर निवेदनात नसेल तर पुढचे दोन दिवस सगळे तेच विचारत राहतात. बातमी बाहेर जाण्याच्या तासभर आधी ती सोबतच्या क्रूला, घरच्यांना आणि प्रमोटरला कळलेली असली पाहिजे. आपली नोकरी राहते की जाते हे लाइट लावणाऱ्या माणसाला फोनच्या स्क्रीनवर कळणं, ही माणुसकीची गोष्ट नाही.

अर्थात, कधी कधी बँड कुणासाठी थांबतच नाही. ओएसिस या ब्रिटिश बँडनं २८ ऑगस्ट २००९ ला पॅरिसमधला कार्यक्रम ऐन वेळी रद्द केला आणि त्याच संध्याकाळी गिटारिस्ट नोएल गॅलघरनं बँड सोडल्याचं निवेदन वेबसाइटवर आलं. आपल्या भावासोबत, म्हणजे बँडचा गायक लियामसोबत, यापुढे एक दिवसही काम करू शकत नाही, हे त्यात सरळ लिहिलं होतं. प्रसिद्धीच्या शाळेत असलं निवेदन कुणी शिकवणार नाही. पण त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून त्यावर शंकाही कुणी घेतली नाही.

अपघाताचा दिवस याहून निराळा असतो. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेत सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट कोलिसियमबाहेर 'द हू' या बँडच्या कार्यक्रमासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जण मेले. बहुतेक तिकिटांना ठराविक खुर्ची नव्हती, त्यामुळे पुढची जागा धरायला लोक दारांवर लोटले होते आणि उघडलेली दारं थोडीच होती. कार्यक्रम थांबवला तर आतल्या हजारोंमध्ये आणखी गोंधळ होईल या भीतीनं तो चालू ठेवला गेला, आणि वाजवून संपेपर्यंत बँडला काहीही सांगितलं गेलं नाही. कार्यक्रम चालू ठेवण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. अशा रात्री पब्लिसिस्टनं पहिल्या तासात करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत, आणि त्या आधीच लिहून ठेवलेल्या असाव्यात. पोलीस किंवा हॉस्पिटल यांनी दुजोरा दिल्याशिवाय आकडा उच्चारायचा नाही. दोष कुणाचा यावर अक्षर बोलायचं नाही, आपला नाही हे स्पष्ट दिसत असलं तरी. आधीपासून लावून ठेवलेल्या जाहिराती आणि सोशल मीडियावरच्या पोस्ट ताबडतोब थांबवायच्या, कारण मृत्यूच्या बातमीखाली नव्या टी-शर्टची जाहिरात झळकली तर ती कुणी विसरत नाही. बँडच्या प्रत्येकापाशी एक माणूस ठेवायचा, म्हणजे हॉटेलच्या लॉबीत कुणी माइक पुढे केला तर धक्क्यात असलेला माणूस एकटा सापडणार नाही. आणि मेलेल्यांच्या घरच्यांशी काय बोलायचं हे मोकळ्या वेळेत नाही, त्याच रात्री ठरवायचं.

आता कौतुकाच्या बाजूबद्दल, कारण नव्या माणसाची उमेद त्यातच असते. कंपन्यांच्या पीआरमधून येणारे विशेषणं घेऊन येतात: भव्य, ऐतिहासिक, अविस्मरणीय. पत्रकाराला विशेषण नको असतं, त्याला धरायला काहीतरी ठोस हवं असतं. लेड झेपेलिन या बँडचं १९७३ चं उदाहरण घ्या. त्यांचे अल्बम प्रचंड खपत होते, पण समीक्षक त्यांच्यावर नाराज आणि ते समीक्षकांवर. आदल्या वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकन टूरचा वृत्तपत्रांत गाजावाजा झाला होता, आपल्याकडे मात्र कुणी बघत नाही ही खंत बँडला होती. त्या टूरसाठी डॅनी गोल्डबर्ग हा तरुण पब्लिसिस्ट आला. ५ मे १९७३ ला फ्लोरिडातल्या टॅम्पात ५६,८०० लोक जमले. बीटल्सच्या १९६५ च्या न्यूयॉर्कमधल्या शे स्टेडियमवरच्या कार्यक्रमाला ५५,६०० होते. बस्स, एवढ्या एका तुलनेवर देशभर बातमी झाली. रॉक न ऐकणाऱ्या संपादकालाही 'बीटल्सचा विक्रम मोडला' हे कळतं. पत्रकारांना दोन आकडे दिले की पुरे होतं, संगीत किती थोर आहे हे पटवून द्यावं लागलं नाही.

पण गाजावाजा किती, याला मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की त्रास बँडलाच होतो. २७ ऑक्टोबर १९७५ च्या आठवड्यात अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर एकदमच झळकला. कुठल्याही पब्लिसिस्टला स्वप्नवत वाटावं असं यश. पुढच्याच महिन्यात लंडनला हॅमरस्मिथ ओडियन थिएटरमध्ये पोचल्यावर स्वतःच्या स्तुतीची पोस्टर्स त्यानं आपल्या हातानं फाडली. गाणी ऐकण्याआधी लोक जाहिरातीचा हिशेब मागायला लागतात तेव्हा कलाकाराचा जीव गुदमरतो. म्हणून आलेल्या मागण्यांपैकी निम्म्यांना नकार देणं हेही कामच आहे, आणि तो नकार का दिला हे लेबलला समजावणं त्याहून अवघड काम. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये यू-टू या बँडचा नवा अल्बम अ‍ॅपलच्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यांत न मागता जाऊन बसला आणि लोक इतके चिडले की तो काढून टाकायची खास सोय द्यावी लागली, पुढे त्यांचा गायक बोनो यानं माफीही मागितली. याउलट रेडिओहेड या बँडनं ऑक्टोबर २००७ मध्ये फक्त १० दिवस आधी नव्या अल्बमची घोषणा केली आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोपवली. समीक्षकांना आधी प्रत नाही, सगळ्यांना एकाच दिवशी. फुकटपणा दोन्हीकडे होता. रेडिओहेडनं लोकांना विचारलं होतं, यू-टूनं नव्हतं.

बँडची बाजू कायद्यानं बरोबर आहे म्हणून ती लोकांना पटेलच असंही नाही. मेटॅलिका या बँडनं २००० साली नॅपस्टरवर, म्हणजे लोक इंटरनेटवरून एकमेकांना फुकट गाणी देत त्या सेवेवर, खटला भरला, आणि ३ मे रोजी ड्रमर लार्स उलरिक तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांच्या नावांचे छापील गठ्ठे घेऊन नॅपस्टरच्या कचेरीत गेला. ती नावं बँडच्याच चाहत्यांची होती. मुद्दा रास्त होता, संगीतकाराच्या कष्टाचं मोल मागणं चूक नव्हे. चित्र मात्र असं दिसलं की श्रीमंत बँड आपल्याच पोरांची यादी घेऊन दारात उभा आहे. अशा वेळी आत जाऊन म्हणायचं असतं: खटला भरा, यादीही द्या, पण ती वकिलाच्या हातून जाऊ द्या.

लाइव्ह कार्यक्रमाचं काम पटकन सांगते. छायाचित्रकारांना बहुतेक ठिकाणी पहिल्या तीन गाण्यांपुरताच पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या राखीव जागेत, प्रवेश, फ्लॅश बंद. समीक्षकाची खुर्ची आवाज नीट ऐकू येईल अशा जागी हवी, आणि कार्यक्रम संपताच सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांची यादी, त्याच्या हातात पडली पाहिजे. गेस्ट लिस्टवरून होणारी भांडणं हा तुमचा विषय नाही, तो टूर मॅनेजरचा. त्यात पडू नका.

आता जवळिकीबद्दल. डेरेक टेलर हे 'डेली एक्स्प्रेस'चे मँचेस्टरमधले बातमीदार होते. बीटल्सचा कार्यक्रम बघून आले आणि त्या बँडच्या प्रेमातच पडले. पुढे ते त्यांचे प्रेस ऑफिसर झाले, मध्ये अमेरिकेत जाऊन इतर बँडचं काम केलं, १९६८ ला बीटल्सच्या स्वतःच्या 'अ‍ॅपल' कंपनीच्या कचेरीत परत आले. १० एप्रिल १९७० ला, बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीच्या छापील प्रश्नोत्तरांमुळे बँड फुटल्याची बातमी जगभर गेली तेव्हा, काय निवेदन द्यायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी वसंत आलाय, चौघं सुखरूप आहेत, जग अजून फिरतंय, अशा अर्थाच्या काही ओळी लिहिल्या. अधिकृत निवेदन म्हणून बघितलं तर त्यात माहिती काहीच नाही. पण त्या ओळी वाचताना कळतं की लिहिणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी संपतंय. एवढ्या जवळ गेल्यावर माणूस अगदी मनापासून लिहितो, आणि नेमकी बातमीच त्यातून निसटते. दोन्ही गोष्टी एकदमच होतात.

जवळ गेल्याशिवाय हे काम होत नाही. ड्रमरची नजर खाली गेली हे ओळखायला त्याची नेहमीची नजर माहीत असावी लागते. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कात बीटल्सचा शेवटचा टूर कार्यक्रम झाला, तेव्हा मॅकार्टनीच्या सांगण्यावरून टोनी बॅरो हातात छोटा टेप रेकॉर्डर धरून मैदानावर उभे होते. कॅसेटची बाजू संपली आणि शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटलं. एवढ्या विश्वासानं कुणी तुम्हाला काही सांगणं, हा या नोकरीतला खरा आनंद आहे, आणि त्याबद्दल संकोच बाळगायचं कारण नाही.

माझा नियम असा: त्यांच्यासोबत जेवते, प्रवास करते, घरच्यांना ओळखते. पण त्यांच्या आपसातल्या भांडणात कुणा एकाची होत नाही. प्रत्येक मासिकाला मुखपृष्ठावर एकटा गायक हवा असतो. आपण सोयीसाठी दरवेळी 'हो' म्हणत गेलो तर दोन वर्षांत बेसिस्ट स्वतःला पगारी नोकर समजायला लागतो, आणि बँडमधली ती फट पाडण्यात आपलाही हात असतो. म्हणून मी मोठ्या मुखपृष्ठांपैकी काहींना चौघांचाच फोटो देते, नाहीतर मुलाखत नाही म्हणून सांगते. वाद्यांविषयीची मासिकं बेसिस्ट आणि ड्रमरसाठी धरून ठेवते, तिथे त्यांना त्यांच्या कामाबद्दल जाणकार प्रश्न विचारले जातात. मुलाखतीहून परत येताना ड्रमर खुललेला असतो आणि त्याचा परिणाम महिनाभर टिकतो.

हे काम घ्यायच्या आधी मॅनेजरकडून काही गोष्टी स्पष्ट करून घ्या. तुमचा पगार लेबल देणार की बँड? दोघांचं बिनसलं की तुम्ही कुणाच्या, हे त्यावर ठरतं. निवेदनाला अंतिम होकार कोण देणार, दोनच नावं मागा. सहा जणांनी पास करायचं निवेदन कधीच वेळेवर निघत नाही. रात्री काही घडलं तर मॅनेजरला न विचारता तुम्ही चौघांपैकी कुणालाही थेट फोन करू शकता का? गुप्ततेच्या कलमावर खुशाल सही करा, पण खोटं सांगायला नकार देण्याचा तुमचा हक्क त्यात शाबूत आहे ना, ते बघा. बँडबद्दल वाईट लिहिलेल्या दोन-तीन पत्रकारांना सही करण्याआधीच भेटा. त्यांची तक्रार संगीताबद्दल आहे की त्यांच्याशी कुणी कसं वागलं याबद्दल, हे तुम्हाला अर्ध्या तासात कळेल. दुसरी तक्रार असेल तर ती तुम्हाला दुरुस्त करता येते.

आणि बँडबरोबरच्या पहिल्याच बैठकीत, त्यांच्या मागच्या मुलाखतींमधलं तुम्हाला खटकलेलं एखादं वाक्य काढून, ते का खटकलं हे चौघांसमोर सांगा. त्यांच्यापैकी एकानं जरी "पुढे बोल" म्हटलं तर काम घ्या. मॅनेजरनं विषय बदलला आणि चौघांनी बदलू दिला, तर चहा संपवून नम्रपणे निरोप घ्या.